मागची कणगी

नाशिकच्या दुकानदारानं तुळशीदासला पाच गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातल्या तीन त्यानं शाळेतल्या पोरासारख्या घोकल्या आणि दोन तिथंच दुकानाच्या पायरीवर सोडून आला. माणसाचं असंच असतं बघा. अवघड वाटतं ते जपून ठेवतो आणि सोपं असतं त्याला म्हणतो, हे काय, एवढं तर मला कळतंय.

दुकानदार म्हातारा होता. रिव्हॉल्व्हर काचेच्या टेबलावर ठेवून तो एकेक बोट मोडत बोलला. "एक, ही कायम भरलेलीच आहे असं समजायचं. स्वतःच्या हातानं रिकामी केली असली तरी. दोन, हिचं तोंड माणसाकडं करायचं नाही. नळी कुठं बघतेय हे सदा माहीत पाहिजे. तीन, उडवायचं ठरल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. चार, ही एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात. पाच, घरातल्या सगळ्यांना दाखवायची, सांगायचं, हात लावायचा नाही. लपवायची नाही हं. कुलूप वेगळं आणि लपवणं वेगळं. लपवलेली वस्तू कुणाला ना कुणाला सापडतेच."

"हो साहेब," तुळशीदास म्हणाला.

हो म्हणायला काय जातंय?

तुळशीदास दाभोशाच्या अलीकडच्या पाड्यावरचा. भात आणि नागली पिकवणारा, भांडण दिसलं की दुसरीकडून वाट काढणारा. पण दोन वर्षांमागं पाड्याच्या वनसमितीचा अध्यक्ष झाला, आणि एके दुपारी खैराच्या चोरट्या लाकडांनी भरलेला टेम्पो त्यानं रस्त्यात बैल आडवे घालून अडवला. केस उभी राहिली. पहिला साक्षीदार कोण, तर हाच. मग एक दिवस तोंडाला रुमाल बांधलेले दोघे मोटरसायकलवर आले, बांधाशी थांबले आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "पोरगी सातवीत ना तुझी? शाळेत एकटीच चालत जाते वाटतं?" पाणी मागितलं, प्यायले आणि गेले.

तुळशीदासनं रिव्हॉल्व्हरच्या परवान्याचा अर्ज केला. चौदा महिने खेपा घातल्या, ठाण्यात जबाब दिले, मैदानावर जाऊन बारा गोळ्या उडवून आला. त्यातली एक पाटीला लागली. शेवटी वस्तू हातात आली. घरात तो तिला वस्तूच म्हणायचा.

आता कुलपाचं ऐका. जव्हारच्या बाजारातून त्यानं पितळी कुलूप आणलं आणि पत्र्याच्या पेटीला लावलं. त्याची आई धोंडीबाई संध्याकाळी रानातून आली, तिनं कुलूप पाहिलं आणि डोक्यावरची मोळी अंगणातच टाकली.

"घरात चोर कोण झाला रे? मी, का तुझी बायको?"

त्या घराला कधी दाराचं कुलूप नव्हतं, तिथं पेटीला! दीड दिवस म्हातारी जेवली नाही. बायको रंजना आत-बाहेर करत पुटपुटत होती, वस्तू घरात आली आणि घरातलं अन्न गेलं. तुळशीदास वैतागला. त्यानं कुलूप काढून विहिरीत भिरकावलं आणि सगळ्यांना ठणकावून सांगितलं, "ठाण्यात जमा करून टाकतो ती वस्तू, मग तर झालं?" दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन जव्हारला गेला आणि तशीच पिशवी घेऊन परत आला. घरात कुणी नाही असं पाहून त्यानं ती वस्तू, सहाच्या सहा गोळ्या भरलेली, बियाण्याच्या मागच्या कणगीत खुपसली. रिकामी ठेवून काय उपयोग, ते दोघे आले तर मी गोळ्या भरत बसू का, असं त्याचं म्हणणं. म्हणणं चुकीचं होतं असं त्या वेळी त्याला कुणी सांगितलं नाही, कारण त्यानं कुणाला विचारलंच नाही.

कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणानं लिंपलेली धान्याची टोपली. त्याच्या घरात नागलीच्या बियाण्याच्या दोन होत्या, गुडघ्याएवढ्या उंच, तोंडावर पळसाची पानं घालून वर शेणाचा थर दिलेला. त्या पाड्यावर पेरणीच्या दिवसापर्यंत बियाण्यात कुणी हात घालत नाही. पोरं घालत नाहीत, सुना घालत नाहीत, उपास पडला तरी नाही. पेरणीला घरातली म्हातारी पूजा करून पानं सोडते, तेव्हाच. तुळशीदासनं विचार केला, सरकारी तिजोरीला चावी तरी असते, याला तर चावीसुद्धा नाही. पानं उचलून त्यानं वस्तू आत सरकवली, मूठ वर, नळी खाली, आणि ताजं शेण कालवून तोंड पुन्हा बंद केलं. स्वतःच्या हुशारीवर तो असा खूश झाला की त्या रात्री घोरला.

ही फागुनातली गोष्ट. त्यानंतर वैशाखात जव्हारच्या कोर्टात तारीख लागली. कोर्टात वस्तू नेता येत नाही म्हणून ती घरीच राहिली. तारीख नेहमीसारखी पुढं ढकलली गेली. तुळशीदास भाडं मारणाऱ्या उमेशच्या जीपनं सहाच्या सुमाराला पाड्यावर उतरला, हातपाय धुतले, घरात शिरला आणि सवयीनं कोपऱ्यात बघितलं.

एकच कणगी होती.

"आये," तो म्हणाला. "मागची कणगी कुठं हाय?"

धोंडीबाई मोहाची फुलं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सुकऱ्यानं नेली ना. वांगणीकडचा. दुपारी आला होता."

सुकऱ्याला तुळशीदास चांगला ओळखत होता. त्याच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. वीटभट्टी आणि दुसऱ्याचं शेत, एवढंच आयुष्य. यंदा पहिल्यांदा त्याला वनपट्टा मिळाला होता, दीड एकर उतारावरची जागा. जमीन मिळाली, पण घरात बियाणं कुठलं असणार?

"बी मागायला आला त्याला नाय म्हणायचं नसतं," धोंडीबाई सांगत होती. "आणि द्यायचं तर चांगलं द्यायचं. मागचं बी आपलं राखणीचं, म्हणून मागची दिली. आख्खी, तशीच बांधलेली. देताना उघडून कोण बघतो? बाई गं, काय हरखला होता तो माणूस! डोक्यावर घेऊन चालतच गेला. म्हटलं, जीप हाय. तर म्हणाला, नाय आये, बियाणं वाटेत खाली ठेवायचं नसतं."

तुळशीदासनं दारातून ऊन किती उरलंय ते बघितलं, कारण पुढचं त्याला माहीत होतं. पेरणीआधी बियाण्यात हात घालायला एकच सूट होती. दुसऱ्याच्या घरचं बी आपल्या घरात आलं की त्याच सांजेला, दिवा लावायच्या वेळी, घरातल्या सगळ्यात धाकट्या लेकरानं पानं फोडून आत हात घालायचा. कोपरापर्यंत. तळाचं बी वर आणायचं आणि पहिली मूठ काढायची. ती मूठ देणाऱ्याच्या घरी परत जाते आणि मगच त्या घरात जेवण होतं.

सुकऱ्याचं धाकटं लेकरू म्हणजे प्रगती. पाच वर्षांची.

"काय झालं?" रंजना दारात येऊन उभी राहिली होती. नवऱ्याच्या तोंडाकडं बघून तिच्या हातातलं वाडगं खाली आलं. "अहो, काय झालं?"

"वस्तू," तो म्हणाला. "ठाण्यात नाय दिली मी. कणगीत हाय. भरलेली."

रंजनानं तोंडात पदर कोंबला. नंतर एवढंच म्हणाली, "पळा."

सुकऱ्याकडं फोन नव्हता, आणि त्याच्या पाड्यावर ज्याच्याकडं होता त्याचा लागत नव्हता. तिथं टेकडीवर चढलं तरच रेंज येते. उमेशची जीप अजून वडाखाली उभी होती, उमेश टायरला लाथा मारून हवा बघत होता. तुळशीदास धावतच जीपमध्ये बसला.

"वांगणीकडं चल. आत्ताच्या आत्ता."

"आता? प्याशिंजर कोण हाय तिकडं?"

"मीच हाय! चल म्हणतो ना!"

उमेशनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि गाडी सुरू केली. पण गप्प बसेल तो उमेश कसला. "कोण आजारी हाय का? कोर्टात काय झालं का? भांडण का कुणाशी?" तुळशीदास आधी नुसता हूं हूं करत राहिला. दोन वळणं गेल्यावर त्याला वाटलं, लपवून लपवून तर ही वेळ आलीय, आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. उमेशचा पाय आपोआप दाबला गेला. खडीवर जीप अशी आपटायला लागली की बोलणंच बंद झालं.

आणि मग तुळशीदासच्या डोक्यात तो म्हातारा दुकानदार येऊन बसला. नळी कुठं बघतेय हे सदा माहीत पाहिजे. फागुनात ठेवली तेव्हा माहीत होतं, खाली, जमिनीकडं. पण आज ती कणगी सुकऱ्याच्या डोक्यावर अडीच तास डुचमळत गेली असणार. नागलीचा दाणा मोहरीएवढा, तो पाण्यासारखा सरकतो. आता नळी कुठं असेल? पोरीच्या छातीकडं? तिच्या आईकडं? पोरीचं बोट केवढं असतं? चाप तसा जड आहे, मैदानावर त्याच्या स्वतःच्या बोटाला रग लागली होती. पण पोर दोन्ही हातांनी ओढेल. पोरांना अडकलेली वस्तू ओढायला किती आवडतं ते काय त्याला माहीत नव्हतं?

"देवा, दिवा उशिरा लागू दे," तो म्हणाला, मोठ्यानं.

सूर्य डोंगराच्या पाठीवर टेकला तेव्हा रस्ता संपला. पुढं ओढ्याची मोरी गेल्या पावसाळ्यात वाहून गेली होती, ती अजून तशीच. उमेश म्हणाला, "मी येतो." तुळशीदास तोवर कोरड्या ओढ्यात उतरलासुद्धा होता. पलीकडं चढ होता, मग सपाटी, मग पुन्हा उतार. त्याची चप्पल ओढ्यातच तुटली. वैशाखातली जमीन संध्याकाळीसुद्धा तापलेली असते, आणि कवळं, म्हणजे तोडलेल्या फांद्यांचे भारे, जाळून काळ्या झालेल्या शेतांमधून पळताना खुंट पायात शिरत होते. त्याला ते कळतच नव्हतं. त्याला फक्त उजेड दिसत होता, झाडांच्या शेंड्यावरून निघून चाललेला.

मोटरसायकलवरच्या त्या दोघांची आठवण त्याला तेव्हाच झाली, आणि काय झालं सांगू? त्याला त्यांचा रागसुद्धा आला नाही. त्या दोघांनी पोरीबद्दल नुसतं विचारून दाखवलं होतं. दुसऱ्याच्या पोरीच्या हाताशी मरण नेऊन ठेवणारा हा होता, तुळशीदास, वनसमितीचा अध्यक्ष, सरकारनं शिक्का मारून दिलेला शहाणा.

पाड्याचं पहिलं घर सुकऱ्याचंच. कुडाच्या भिंतीपलीकडून बोलणं ऐकू आलं. तुळशीदासनं आरोळी मारायला छाती भरून घेतली आणि तशीच धरून ठेवली, कारण कुडाच्या फटीतून त्याला अंगण दिसलं. दिवा लागलेला होता. कणगी मधोमध होती. पानं फोडलेली होती. सुकऱ्याची पोर गुडघ्यावर बसली होती आणि तिचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत आत होता.

आरडाओरडा केला तर पोर दचकेल. दचकली की मूठ आवळेल.

तुळशीदास फाटकातून आत आला, चालत. पळत आलेल्या माणसानं एकदम चालायला लागणं किती कठीण असतं, ते त्यालाच विचारा. सुकऱ्याची म्हातारी आई फागी दिव्याशी बसली होती, सुकऱ्या आणि त्याची बायको कणगीच्या पलीकडं, दोन मोठी पोरं त्यांना चिकटून.

"अरे, तुळशीदास!" सुकऱ्या आनंदानं उठायला लागला. "देणारा स्वतः आला! ये, ये..."

"आजी, आत कायतरी हाय," प्रगती म्हणाली. "थंडगार."

"बाय," तुळशीदास म्हणाला. "बाय, हात हाय तसाच ठेव. हलवू नको. सुकऱ्या, पोरांना घे आणि घराच्या मागं जा. आजी, तू पण. विचारू नको, जा."

सुकऱ्याचं हसू तोंडावरच राहिलं. त्यानं तुळशीदासच्या पायांकडं बघितलं, रक्ताळलेल्या, आणि मग तोंडाकडं. गरिबाला एक शिक्षण लहानपणीच मिळतं, संकट ओळखायचं. त्यानं दोन पोरं काखोटीला मारली, बायकोला ढकललं. फागी मात्र जागची उठली नाही. म्हणाली, "नात माझी हाय. मी कुठं जाऊ?"

तुळशीदास कणगीपाशी गुडघ्यावर बसला. नळी कुठं बघतेय ते माहीत नव्हतं, म्हणून त्यानं पोरीच्या आणि कणगीच्या मध्ये स्वतःचं अंग जेवढं घालता येईल तेवढं घातलं. छाती कणगीला टेकली. शेणाचा वास आला.

"तुझ्या बोटात काय हाय, बाय? कडी हाय का गोल?"

"हां. कडी हाय. बोट घातलंय मी."

अरे देवा. ती चापाभोवतीची कडी.

"शहाणी गं माझी. आता ते बोट हळू मागं घे. ओढायचं नाय. कडीतून बाहेर, नुसतं सरळ. तव्यावरनं भाकर काढताना आई कशी हात मागं घेते, तसं."

"निघालं," प्रगती म्हणाली.

"नक्की?"

"निघालं ना! आता मूठ भरू?"

"भर."

तिचा हात वर यायला लागला तसा त्याचा आत गेला. तिच्या कोवळ्या बोटांना त्याची बोटं घासून गेली, मग दाणे, मग लोखंड. वस्तू आडवी पडली होती. त्यानं ती अंदाजानं मुठीला धरली, बोट बाहेर सरळ ठेवलं, आणि दाण्यांतूनच नळी स्वतःकडं आणि जमिनीकडं वळवत बाहेर काढली. गोळ्यांचं चक्र उघडलं. सहा गोळ्या तळहातावर घेतल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या, छिद्रांत बोट घालून बघितलं. मग तो जो रडायला लागला तो थांबेना. चाळिशीचा माणूस, अंगणात बसून हुंदके देत होता.

सुकऱ्या घरामागून आला होता. त्यानं ती वस्तू बघितली. काय ते समजलं तेव्हा तो तुळशीदासच्या अंगावर धावला. फागीनं हात आडवा केला म्हणून थांबला.

"बियाण्यात?" सुकऱ्या म्हणाला. "माझ्या पहिल्या बियाण्यात? अडीच तास डोक्यावर आणलं रे मी! खाली ठेवलं नाय, पाणी प्यायलो नाय!"

"मला माहीत नव्हतं की आये देणार हाय..."

"तुला काय माहीत होतं मग?"

फागीनं विचारलं, तिचा आवाज मात्र शांत होता, "कशाला घेतलंस ते?"

"माझ्या पोरीला धमकी दिली, फागी आजी. तिला राखायला घेतलं."

"आणि माझ्या नातीच्या हातात आणून दिलंस."

उमेश धापा टाकत फाटकात येऊन उभा राहिला. घरातून भाताच्या पेजेचा वास येत होता. मोठी दोन पोरं भिंतीच्या कडेनं डोकावत होती, भुकेली. दिवा लागून बराच वेळ झाला होता आणि पहिली मूठ अजून दिलेली नव्हती.

ते फक्त प्रगतीच्या लक्षात होतं. ती मूठ घट्ट मिटून तुळशीदाससमोर येऊन उभी राहिली. देणारा स्वतः समोर बसलाय, मग आणखी काय पाहिजे?

"काका, घे ना. ओंजळ कर."

त्याच्या एका हातात ती वस्तू होती आणि दुसऱ्या हातात सहा गोळ्या. ठेवायला त्यानं इकडं तिकडं बघितलं. चुलीकडं पोरं होती. ओट्यावर म्हातारी होती. कुडाला टेकवावी तर कुडापलीकडं सुकऱ्याची बायको. त्यानं सुकऱ्याकडं बघितलं, सुकऱ्यानं हात पाठीमागं घेतले. त्या एवढ्याशा अंगणात, जिथं कणगी ठेवायला सगळ्यांनी सरकून जागा केली होती, तिथं त्या वस्तूला टेकवायला तसूभर जागा नव्हती.

"हात मोकळे कर ना, काका," प्रगती म्हणाली. "मला भूक लागली."

शेवटी त्यानं वस्तू स्वतःच्याच मांडीखाली दाबली. गोळ्या डोक्यावरच्या टोपीत टाकून टोपी उमेशकडं दिली, "लांब जाऊन उभा रहा." मग दोन्ही हात पुढं केले. प्रगतीनं मूठ उघडली, नागलीचे लालसर दाणे त्याच्या ओंजळीत पडले आणि काही फटीतून खाली सांडले.

फागी उठली. पोरांना जेवायला आत पाठवलं. तुळशीदास ओंजळ तशीच धरून बसला होता. ती त्याच्या समोर येऊन थांबली.

"बी आम्ही पेरू," ती म्हणाली. "बियाण्याचा काय गुन्हा? तू मात्र उजाडल्याबरोबर ते जिथं द्यायचं तिथं देऊन ये, खरंखुरं. आणि पुढच्या तारखेला जाताना इकडून जा. सुकऱ्या येईल संगती, अजून चार जण येतील. एकटा जातोस म्हणून तुला असलं काय काय लागतं."

"येईन," तुळशीदास म्हणाला.

"हो म्हणू नको नुसता," फागी म्हणाली. "ये."